अण्णांची पांढरी चार

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी बसवत नसे, आणि आता गुडघे बोंबलत असतानाही बसवत नाही. जेवताना मी दोनदा तरी उठते. लातूरला सासरी ह्या सवयीवरून आयुष्यभर टोमणे खाल्ले. 'बसा की हो जरा' हे जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा कुणी मला प्रेमाने हाकही मारली नसेल. पण एक मैफल अशी झाली की तिथं मला बसवलं नाही यात माझा काही दोष नव्हता. त्या मैफलीबद्दल लोक अजून काहीतरी भलतंच सांगतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसले आहे. किती वेळ बसेन ते माहीत नाही.

तेव्हा आम्ही नांदेडला राहत होतो, गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. राज्य निजामाचं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मुन्सफ कोर्टात वकील होते. दिवसभर शेरवानी घालून उर्दूत भांडायचे आणि संध्याकाळी धोतर नेसून पेटी काढायचे. वकील म्हणून ते बरे होते. पेटीवाले म्हणून स्वतःच्या मते फार चांगले होते, आणि आईच्या मते शेजाऱ्यांचं नशीब खोटं होतं.

अण्णांची पेटी एका बुवांनी शिकवलेली. ते बुवा भजनाला बसायचे आणि त्यांना एकच पट्टी यायची, पांढरी चार. ज्यांना पेटीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि गाणारा ज्याच्या-त्याच्या गळ्याप्रमाणे त्यातली एक पट्टी आपला 'सा' म्हणून धरतो. खालची धरली तर आवाज खाली, वरची धरली तर वर. खरा पेटीवाला कुठूनही वाजवतो. अण्णांची बोटं मात्र पांढऱ्या चारवर जन्मली आणि तिथंच वाढली. दुसरी पट्टी दिली की ते भांबावून जायचे.

मग लातूरहून मामा एक ग्रामोफोन घेऊन आला. मामाची तिथल्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती आणि त्याला असल्या नव्या वस्तूंची भारी हौस. दोन महिन्यांत हौस फिटली की ती वस्तू आमच्याकडे यायची. ग्रामोफोनबरोबर आल्या मूठभर तबकड्या, आणि त्यांत एक होती खाँसाहेबांची. एका बाजूला भीमपलास, दुसऱ्या बाजूला भैरवीतली ठुमरी. खाँसाहेब हैदराबादचे. त्यांचं नाव मी सांगत नाही, पण तेव्हा आमच्या मुलखात पानवाल्यालाही ते ठाऊक होतं.

अण्णा त्या तबकडीच्या पायी वेडे झाले. तिच्याबरोबर पेटी वाजवायची असं त्यांच्या मनाने घेतलं. पण तबकडीतला खाँसाहेबांचा सा त्यांच्या पांढऱ्या चारशी जुळेना, तो बराच खाली होता. तेव्हा अण्णांना मशीनच्या कडेची एक बारकी कळ सापडली. ती फिरवली की तबकडी जोरात फिरते, आणि जोरात फिरली की आवाज वर चढतो. अण्णांनी ती हळूहळू फिरवली, खाँसाहेब चढत चढत पांढऱ्या चारवर आले, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी पाहिलं आहे. मग कुणीही त्या कळीला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. चावी देण्याचं काम माझं होतं, कारण तेवढ्या कामाला बसावं लागत नाही. कळीकडे बोट गेलं तरी पाठीत धपाटा मिळायचा.

असं कितीतरी वर्षं चाललं. खाँसाहेब तसेच पळत गात राहिले, अण्णा त्यांच्याबरोबर वाजवत राहिले, आणि त्यांचा आवाज असाच उंच आणि पातळ असतो असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं. कळीची गोष्ट अण्णासुद्धा जवळजवळ विसरून गेले असावेत.

महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळेनासं झालं होतं. गावात कुजबुज वाढली होती, चार माणसं एकत्र जमली की पोलीस येऊन उभे राहायचे, आणि भजनाची परवानगीसुद्धा उर्दूत अर्ज करून काढावी लागायची. अशात जिनिंगवाल्या शेटजींनी खाँसाहेबांना बोलावलं. शेटजींच्या घरी नातू झाला होता. अमीनसाहेबांनी, म्हणजे पोलिसांच्या तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांनी, परवानगी दिली, पण दिवस मावळायच्या आत उरकायचं ह्या अटीवर. त्यामुळे गाणं दुपारी ठरलं. जागा जिनिंगचं मोठं पत्र्याचं शेड. हंगाम संपला होता आणि शेड रिकामं होतं.

मग कळलं की खाँसाहेबांच्या सारंगीवाल्याला ताप आला आहे, तो येणार नाही. शेटजी आमच्या घरी येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, सगळं गाव म्हणतं, खाँसाहेबांचं गाणं तुमाला तोंडपाठ हाय. साथीला तुमीच बसा."

अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांना नाही म्हणताच आलं नाही. शेटजी गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काय करून राहिलात तिथं? पाट मांडू का?" अण्णा म्हणाले, "अगं, मी खाँसाहेबांबरोबर वाजवणार हाय." आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग आता शेजारच्यांना जरा दिलासा. इतकी वर्षं सोसलं त्यांनी." पण तिचे डोळे हसत होते. त्या दिवसापासून कोर्टातून आल्यावर पेटी, जेवण झाल्यावर पेटी. पक्षकार ओसरीवर ताटकळत. मला अण्णांची इतकी काळजी लागली होती की माझा पाय घरात ठरेना. आता ते चुकले तर? लोक हसले तर? त्या एका दुपारसाठी हा माणूस इतकी वर्षं एका भोंग्यासमोर बसला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मैफलीच्या आदल्या दिवशी खाँसाहेब आमच्या घरी आले. साथ कशी काय जुळते ते बघायला. उतरले होते शेटजींच्या बंगल्यावर, पण अण्णांच्या आग्रहाखातर चहाला आमच्याकडे. मी दारात होते. टांग्यातून एक वाकलेले, बारीक गृहस्थ उतरले, दाढी पांढरी, मेंदी लावलेली होती ती अर्धी उडून गेलेली. त्यांच्याबरोबर तबलजी होता, त्यांचा पुतण्या. तोही चाळिशीच्या पुढचाच. मला रागच आला. आमच्या भोंग्यातले खाँसाहेब तरुण होते. हे कोण म्हातारे आले?

आईने मुसलमान पक्षकारांसाठी ठेवलेले चिनीमातीचे कप काढले. चहा झाला. खाँसाहेब म्हणाले, "कौनसी पट्टी में बजाते वकीलसाब?"

"सफेद चार, हुजूर."

खाँसाहेबांनी कप खाली ठेवला. "सफेद चार? मैं तो आजकल काली एक में गाता. उम्र हो गई."

काळी एक म्हणजे बरंच खाली. अण्णांचा चेहरा मी पाहिला. शाळेत गणित चुकल्यावर माझा व्हायचा तसा. ते म्हणाले, "हुजूर, मी आपल्या तबकडीवरून शिकलो. तबकडीत सफेद चारच आहे." हे ते खोटं बोलत नव्हते. आमच्या घरात ते तसंच होतं.

"मेरी तबकडी?" खाँसाहेब एकदम ताठ झाले. "आपके पास है? मेरेकू तो कितने बरस से सुनने नहीं मिली. मेरे पास मशीन कहाँ!"

मी चावी दिली. माझ्या मनात कळीचं आलं होतं आणि मी अण्णांकडे बघत होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. सुई ठेवली आणि भीमपलास सुरू झाला. उंच, पातळ, पळता.

खाँसाहेब ऐकत राहिले. पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडली, जरा मान तिरकी केली. मला वाटलं, आता ओळखतील. मग ती तान आली, वरच्या सा-पर्यंत जाऊन परत येणारी, आणि आमच्या मशीनवर ती भिंगरीगत फिरायची. खाँसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मैं इत्ता ऊपर गाता था?" ते पुतण्याला म्हणाले. "सुन्या तू? इत्ता साफ?" अण्णांना त्यांनी पेटीवर पांढरी चार धरायला लावली. जुळली. "देखो! सफेद चारच है!" त्यांचे डोळे भरून आले होते. म्हाताऱ्या माणसाला आपलं तरुणपण असं चहाच्या कपाशेजारी सापडावं आणि ते होतं त्याहून मोठं निघावं, मग कोण शंका घेत बसेल?

पुतण्या हळूच म्हणाला, "चाचा, मगर अब..."

"अब क्या? गला मेरा है. कल सफेद चार में होगा," खाँसाहेब म्हणाले. "लोगाँ यही सुनके आते ना?"

मी अण्णांच्या धोतराचा सोगा ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

टांगा गेल्यावर आईने गाठलंच. कपाट लावता लावता म्हणाली, "त्या कळीचं सांगितलं का न्हाई त्यांना?"

"कसं सांगू? बघितलं नाहीस का तू, किती खूश झाले ते?"

"खूश ते झाले का तुमी? सांगितलं असतं तर काळी एक वाजवावी लागली असती. ती तुमाला येत न्हाई."

अण्णा ग्रामोफोनवरची तबकडी उचलून पाकिटात घालू लागले. मग म्हणाले, "कशासाठी गप्प बसलो ते मलाच कळंना झालं." आईने कपाट बंद केलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणात येरझारा घालत होते. उठावं, शेटजींच्या बंगल्यावर पळत जावं आणि सांगून यावं, असं शंभरदा मनात आलं. पण मुलीच्या जातीने असलं काही करायची तेव्हा सोय नव्हती, आणि सांगितलं असतं तर अण्णांचं काय झालं असतं?

जिनिंगच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. कितीही झाडलं तरी कापसाची लव हवेत तरंगत होती. पत्रे तापले होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर अमीनसाहेब, हातात घड्याळ. बाकी गाव खाली बसलेलं. बायकांसाठी मंचाच्या बाजूला चिकाचा पडदा लावला होता. त्याच्या काड्यांमधून मंच अगदी जवळून दिसायचा. आई मला गच्च धरून बसली होती, मी उठू नये म्हणून.

तंबोरे पांढऱ्या चारला लावले. पुतण्याने लहान तोंडाचा तबला त्याच पट्टीत चढवला, पण दुसऱ्या तबल्याच्या पिशवीचं तोंड त्याने उघडंच ठेवलं होतं. अण्णा शेरवानी घालून बसले होते आणि फार देखणे दिसत होते.

सुरुवात बरी झाली. खाली-खालीच असताना खाँसाहेबांचा आवाज बसका असला तरी भक्कम होता. अण्णांची बोटं मागून अशी चालत होती की कुठंही पाऊल पडल्याचं कळू नये. लोकांनी माना डोलावल्या. मी जरा श्वास घेतला. मग खाँसाहेब वर निघाले.

वरच्या सा-ला आवाज फाटला. लोक म्हणाले "वाह, वाह," पण ते वाह सांभाळून घेण्याचं होतं. खाँसाहेबांनी परत घेतला. परत फाटला. कापसाची लव घशात गेली म्हणून ते खोकले, पाणी प्यायले, परत निघाले. आणि साथीदाराने जे करायचं असतं ते अण्णांनी केलं. खाँसाहेबांचा आवाज जिथं गेला नाही, तिथं त्यांनी पेटीतून तो सा भरला. खणखणीत, लांब. गाणाऱ्याची उणीव साथीदार अशीच झाकतो, आणि एरवी ते चांगलंच असतं. पण इथं सगळ्यांना कळलं, की हा सूर कुठं आहे आणि तो कुणाला लागत नाही. मागे कोर्टातले पेशकार बसले होते. ते अण्णांचे रोजचे सोबती, न्यायाधीशांपुढे कागद ठेवायचं त्यांचं काम. ते कुणाच्या तरी कानाला लागले आणि दोघं हसले. मला पडदा फाडून बाहेर जावंसं वाटत होतं. आई पुटपुटत होती, "थांबवा कुनीतरी. थांबवा."

खाँसाहेबांनी तिसऱ्यांदा सूर घेतला तेव्हा अण्णांकडे वळून पाहिलं. त्यांची नजर मला पडद्याआडूनही दिसली. त्यांना मदत हवी होती आणि ती कसली ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हा अण्णांचा डावा हात भात्यावरून सुटला. पेटीच्या पुढच्या बाजूला खुंट्या असतात. त्या बाहेर ओढल्या तरच हवा सुरांपर्यंत जाते. अण्णांनी एकेक करून सगळ्या खुंट्या आत ढकलल्या. मग भाता हलवला, पट्ट्या दाबल्या. पेटी मुकी. परत भाता, परत पट्ट्या. नुसती खडखड.

"हुजूर, माफी," अण्णा हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पेटी बसली माझी. जरा थांबावं लागेल."

शेडमध्ये हशा पिकला. पेशकार मोठ्याने म्हणाले, "काय वकीलसाहेब, पेटीला पडसं झालं का?" पुन्हा हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पेटी उत्तम होती. मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होते.

अण्णा मग उर्दूत म्हणाले, की आता पेटी तर राहिली नाही, तेव्हा खाँसाहेबांनी आपल्या मर्जीची पट्टी लावावी. खाँसाहेबांनी आधी पेटीच्या आत गेलेल्या खुंट्यांकडे पाहिलं. मग अण्णांकडे. पुतण्याचा हात तेवढ्यात पिशवीत गेला होता आणि मोठ्या तोंडाचा, खालच्या पट्टीचा तबला बाहेर आला होता. तंबोऱ्यांच्या तारा उतरवल्या. काळी एक.

त्यानंतर खाँसाहेब गायले. लोक त्या गाण्याचं इतकं काही सांगतात, की साक्षात गंधर्व उतरला वगैरे. तसं काही नव्हतं. आवाज खरखरीत होता, श्वास पुरत नव्हता, मध्येच ते सूर सोडून नुसते थांबायचे. पण आता ते कुणाशी शर्यत लावत नव्हते, आणि तबकडीत जी तान भिंगरीसारखी जायची, ती ते एकेक सूर दाखवत घेत होते. तिच्यात इतकं काय काय होतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. आईने माझा हात सोडला होता. मी उठले नाही, पण मला सुख झालं असंही नाही. मी खाँसाहेबांकडे बघतच नव्हते. बंद पेटीसमोर अण्णा मांडी घालून बसले होते आणि त्यांची उजवी बोटं मांडीवर चुळबुळत होती. ह्या नव्या पट्टीत कुठं काय येतं ते शोधत होती आणि चुकत होती. खाँसाहेबांबरोबर वाजवायचं त्यांचं स्वप्न तिथं संपलं होतं आणि ते त्यांनी आपल्या हाताने संपवलं होतं. इतक्या जवळ बसून, इतक्या लोकांसमोर.

ऊन उतरलं, अमीनसाहेब उठून उभे राहिले, आणि गाणं तिथंच थांबलं.

घरी येईपर्यंत गल्लीत चार जणांनी विचारलं, पेटीला काय झालं? अण्णा हसून म्हणत, "भाता फाटला असंल." मी घरात शिरल्या-शिरल्या ओरडले, "खोटं का बोलता? पेटी चांगली हाय! तुमाला सगळे हसून राहिलेत!"

"हसू दे," अण्णा म्हणाले. मग मला जवळ ओढून आवाज उतरवून म्हणाले, "हे बाहेर बोललीस तर बघ. माझ्यावर हसले तर काही होत नाही. त्यांच्यावर हसतील." मला ते तेव्हा मुळीच पटलं नाही. आपल्याच माणसाची अशी फजिती कुणाला पटेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या दारात हजर. खाँसाहेबांचा निरोप होता, की वकीलसाहेबांनी स्टेशनवर निरोप द्यायला यावं, आणि येताना पेटी आणावी. अण्णा गोंधळले. आई म्हणाली, "आता पेटीचं काय लोणचं घालनार हैत का ते?" पण तिनेच पेटीवर स्वच्छ फडकं बांधून दिलं. मी मागे लागले म्हणून मलाही नेलं.

स्टेशनवर शेटजी, त्यांची माणसं आणि अर्धं कोर्ट आलं होतं. पेशकार पेटी बघून म्हणाले, "अरे वा, पेटी दुरुस्तीला हैदराबादला चालली का?" सगळे खो-खो हसले. माझे हात शिवशिवत होते. अण्णांनी माझा दंड धरला.

खाँसाहेब डब्याच्या दारात उभे होते. हार घातलेले, दमलेले. त्यांनी शेटजींना सलाम केला, बाकीच्यांना केला, आणि मग अण्णांना म्हणाले, "वकीलसाब, आज कचेरी है क्या?"

"जी, नाही. आज सुट्टी आहे."

"तो फिर मुदखेड तक चलो. पेटी ऊपर लो."

मुदखेड म्हणजे हैदराबादकडे जाताना थोड्याच अंतरावरचं जंक्शन. अण्णांना कळेना काय चाललंय. गाडीने शिट्टी दिली. पुतण्याने पेटी वर घेतली, खाँसाहेबांनी अण्णांना हात दिला आणि अण्णा चढले. ना तिकीट, ना जेवणाचा डबा, शेरवानीसुद्धा नव्हती अंगात. मला त्यांनी खिडकीतून ओरडून शेटजींच्या हवाली केलं. गाडी हलली. मी गाडीबरोबर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळत गेले. काहीतरी ऐकू येईल असं वाटत होतं. चाकांचा खडखडाट तेवढा आला.

दिवसभर मी ओसरीवर आत-बाहेर करत होते. आईने तीनदा रागावून पाहिलं. ऊन कलल्यावर अण्णा आले. उलट्या गाडीने, कोळशाच्या धुरात काळे होऊन. पेटी त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणली होती. पाणी प्यायले, आणि ओट्यावर बसून राहिले. मी समोर उभी. बसणं शक्यच नव्हतं.

"वाजवलं का?"

"वाजवलं."

"सगळ्या वाटेवर?"

"सगळ्या वाटेवर."

"कोण होतं ऐकायला?"

"एक बाई होती, तिची शेळी होती. एक तिकीट तपासनीस येऊन गेला. मला तिकीट विचारायचं विसरला."

"मग कोणती पट्टी लावली? पांढरी चार?"

"नाही," अण्णा म्हणाले. "त्यांची. काळी एक."

"ती तर तुमाला येत न्हाई!"

अण्णांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाहीच येत. सारखा चुकत होतो. चुकलो की ते गाणं थांबवायचे. मला सूर सापडेपर्यंत थांबायचे, आणि मग तिथूनच पुढं घ्यायचे."